बुडबुड्यानं उकललेला कापूस

थेम्सकाठच्या थॉर्निक्रॉफ्ट यांच्या गोदीत १८९३ साली ब्रिटिश नौदलासाठी ‘डेअरिंग’ नावाची विनाशिका बांधली गेली. वेगासाठीच बांधलेली बोट. पण चाचण्यांमध्ये तिचं घोडं एका जागी अडलं. इंजिनाचा जोर वाढवला तरी वेग ठरावीक आकड्यापुढे सरकेना. चिखलात रुतलेल्या गाडीचं चाक जागच्या जागी गरगरावं, तसा पाण्याखालचा पंखा नुसता फिरत होता. सिडनी बार्नबी आणि जॉन थॉर्निक्रॉफ्ट यांनी कारण शोधलं. पातं फार जोरात फिरलं की त्याच्या पाठीमागे दाब इतका घसरतो की थंड पाणीसुद्धा तिथे उकळल्यासारखं फुटतं. त्यात पोकळ्या पडतात आणि पंख्याला रेटा द्यायला पाणीच उरत नाही. पात्यांचं क्षेत्रफळ वाढवल्यावर ‘डेअरिंग’ला वेग मिळाला. या प्रकाराला ‘कॅव्हिटेशन’ हे नाव आर. ई. फ्रूड यांनी सुचवलं.

कापूस, लाकूड किंवा मक्याचा स्टार्च यांतून श्राव्यातीत ध्वनीनं, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या अल्ट्रासाऊंडनं, नॅनोकण काढण्याचं जे तंत्र आज जगभर चालतं, त्याची गोष्ट मी या विनाशिकेपासून सुरू करतो. कारण त्या प्रयोगपात्रात सगळं काम हीच पोकळी करते. ध्वनी तिला फक्त जन्म देतो.

वाफेच्या टर्बाइनचे जनक चार्ल्स पार्सन्स यांनाही याच पोकळीनं छळलं. त्यांची ‘टर्बिनिया’ पहिल्या चाचण्यांत साफ निराशा करून गेली. पार्सन्स हार मानणारे नव्हते. १८९५ मध्ये त्यांनी तांब्याची एक छोटी बंदिस्त टाकी बनवली, तिला काचेच्या खिडक्या बसवल्या, आत जेमतेम दोन इंचांचा पंखा फिरवला आणि लखलखत्या प्रकाशात पात्यावर जमणाऱ्या पोकळ्यांचे फोटो काढले. ज्या गोष्टीबद्दल तोवर तर्कच चालला होता, ती माणसाच्या डोळ्यांना दिसली. मग ‘टर्बिनिया’ला तीन दांड्यांवर तीन-तीन असे नऊ पंखे लावले गेले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त स्पिटहेडला नौदलाचं संचलन भरलं, तेव्हा ही बोट युद्धनौकांच्या रांगांमधून अशी सुसाट गेली की तिला अडवायला निघालेल्या बोटी मागेच राहिल्या.

पण बुडबुड्याचा दुसरा गुण अजून बाकी होता. मोठ्या जहाजांचे पितळी पंखे काही काळ पाण्यात राहिले की वाळवी लागलेल्या लाकडासारखे खड्ड्याखड्ड्यांचे होऊन बाहेर येत. एवढ्या कठीण धातूला कोण खातं? लॉर्ड रेली यांनी १९१७ मध्ये कागदावर उत्तर मांडलं. पोकळी मिटते तेव्हा चहूबाजूंचं पाणी एकाच बिंदूकडे धावतं आणि शेवटच्या क्षणी त्या बिंदूपाशी कल्पनेपलीकडचा दाब उसळतो. याचा अगदी सौम्य नमुना आपल्या स्वयंपाकघरात रोज ऐकू येतो. आधण येण्याच्या जरा आधी पातेलं गुणगुणायला लागतं. तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात शिरून मिटतात, त्यांचा तो आवाज. पाणी खळाखळा उकळू लागलं की गुणगुण थांबते, कारण मग बुडबुडे न मिटता वर येतात.

रेली गणित मांडत होते त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल लान्जव्हँ पाण्यात ध्वनी सोडत होते. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यापासून पाण्याखालचा अडथळा आवाजानं हुडकण्याच्या कल्पना निघतच होत्या. महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ती गरज तातडीची केली. लान्जव्हँ हे पिएर क्युरी यांचे शिष्य. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं होतं की क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की वीज निर्माण होते. त्याच्याच उलट, वीज दिली की तो आकसतो आणि फुलतो. लान्जव्हँ यांनी क्वार्ट्झच्या चकत्या पोलादाच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवल्या, त्यांना वेगानं उलटसुलट वीज दिली आणि कानाला ऐकू न येणारा ध्वनी समुद्रात सोडला. तूलाँच्या नौदल तळावर अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड हे प्रयोग पाहायला गेले होते. ध्वनीच्या झोतात सापडलेले मासे मरत आणि झोतात हात धरला तर हाडांपर्यंत कळ जाई. वुड यांच्या मनातून ते दृश्य गेलं नाही.

दहा वर्षांनी त्यांना जोडीदार मिळाला तो वॉल स्ट्रीटवरचा एक धनाढ्य बँकर, आल्फ्रेड लूमिस. विज्ञानाच्या वेडापायी लूमिस यांनी न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क इथे एका वाड्यात स्वतःची प्रयोगशाळा थाटली होती. तिथे तेलात बुडवलेल्या क्वार्ट्झच्या चकतीला हजारो व्होल्टचा दाब दिला जाई आणि चकतीच्या वर तेलाची टेकडी उभी राही, तिच्या माथ्यावरून थेंबांची कारंजी उडत. तेलात काचेची बारीक कांडी धरली तर हाताला वरवर काही जाणवत नसे, पण चिमटीत घट्ट धरताच बोटं भाजत. एकमेकांत न मिसळणारे द्रव मिसळून जात. १९२७ मध्ये दोघांनी हे सगळं छापलं. तीव्र श्राव्यातीत ध्वनीच्या अभ्यासाची सुरुवात लोक या लेखापासून मोजतात आणि ते योग्यच आहे.

या ध्वनीसमोर वनस्पतीतला स्टार्च आला तो हंगेरीत, सेगेद गावी. तिथल्या विद्यापीठात अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी स्थानिक पाप्रिकेतून, म्हणजे ढोबळ्या मिरचीच्या तिथल्या बहिणीतून, क जीवनसत्त्व काढत होते. पुढे १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता. त्याच दिवसांत, १९३३ मध्ये, त्यांनी आणि तरुण भौतिकशास्त्रज्ञ शांडोर सॉलॉई यांनी स्टार्चच्या द्रावणात श्राव्यातीत ध्वनी सोडला आणि स्टार्चचे लांब रेणू तुटताना पाहिले. हे साल लक्षात ठेवावं असं आहे. लाखो अणूंची एकसंध साखळी असू शकते, हे हेरमान श्टाउडिंगर जीव तोडून सांगत होते आणि काही रसायनतज्ज्ञ अजून मान डोलवायला तयार नव्हते. अशा वेळी कोणतंही रसायन न घालता फक्त थरथरीनं साखळी तुटते, ही बातमी साखळीच्या अस्तित्वाला टेकू देणारी होती. १९३९ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्मिड आणि रोमेल यांनी आणखी एक बारकावा दाखवला. ध्वनी साखळी तोडत जातो, पण एका लांबीपाशी थांबतो. त्याहून आखूड साखळीवर कितीही वेळ ध्वनी सोडला तरी ती जवळपास तुटत नाही. मिटणाऱ्या बुडबुड्याकडे धावणाऱ्या पाण्यात लांब साखळीची दोन टोकं निराळ्या वेगानं ओढली जातात आणि ती ताणून तुटते. आखूड साखळीला तेवढा ताण बसत नाही, ती पाण्याबरोबर वाहून जाते.

आता थोडं कापसाकडे वळू. देवापुढच्या वातीसाठी पिंजलेला कापूस घ्या आणि त्यातला एकच तंतू चिमटीत धरा. लांबी साधारण इंचभर, जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. नजरेला तो एक दिसतो, पण आत तो दोरखंडासारखा वळलेला आहे, आणि त्यातला सगळ्यात बारीक पेड काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांशांएवढा आहे. तो पेडही एकटी साखळी नव्हे; सेल्युलोजच्या अनेक साखळ्या शेजारी शेजारी, शिस्तीत बिलगून बसलेल्या असतात. वनस्पतींच्या भिंतीतला हा पदार्थ वेगळा करून आन्सेल्म पाएन यांनी १८३८ मध्ये पॅरिसला जगापुढे ठेवला आणि ‘सेल्युलोज’ हे नाव त्याला लवकरच मिळालं. पेडात ठिकठिकाणी शिस्त ढिली पडते, साखळ्या विस्कटतात. आम्ल आत शिरतं ते अशा ढिल्या जागांतून.

हे पेड खरोखर असतात का, असतील तर किती जाड, याचा वाद कार्ल नेगेली यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आला होता. साध्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसणं शक्यच नव्हतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला, पण त्याचीही अडचण होती: तंतू एवढा जाड की इलेक्ट्रॉन त्यातून पार होत नाहीत. मग १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकला, वूरमान, हॉयबर्गर आणि म्यूलेथालर या तिघांनी वनस्पतींचे तंतू पाण्यात घातले आणि त्या पाण्यात श्राव्यातीत ध्वनी सोडला. तंतू उकलले. मोकळे झालेले बारीक पेड जाळीवर वाळवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरले. आज ज्याला ‘नॅनोसेल्युलोज’ म्हणतात, ते ध्वनीनं वेगळं करून, चित्रासकट छापल्याचा हा दाखला ‘नॅनो’ या शब्दाची हवा सुरू होण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

चारच वर्षांनी अमेरिकेत फ्रेडरिक मोरहेड यांनी तोच प्रयोग पद्धतशीर केला. मोरहेड अमेरिकन व्हिस्कोस कंपनीत होते. कल्याणजवळ शहाडला जसा रेयॉनचा धागा निघतो, तसा लाकडाच्या लगद्यापासून कृत्रिम रेशीम काढणारी ही मोठी कंपनी. तिथल्या माणसांना सेल्युलोज म्हणजे रोजचा घरचा माल. मोरहेड यांनी तंतूंवर ध्वनी सोडला, एकदा तसाच आणि एकदा आधी आम्लात शिजवून. नुसत्या ध्वनीनं तंतू उकलून लांब पेड निघाले. आम्लानं ढिल्या जागा कापून ठेवल्या असतील तर ध्वनीनं आखूड तुकडे मोकळे झाले. आज प्रयोगशाळांमध्ये ‘नॅनोतंतू’ आणि ‘नॅनोस्फटिक’ असे दोन निराळे पदार्थ दोन निराळ्या वाटांनी बनवले जातात. त्या दोन्ही वाटा मोरहेड यांच्या १९५० च्या लेखात आहेत.

मग हे काम पन्नास वर्षं अडगळीत का गेलं? मला वाटतं, कारण साधं आहे. झुरिककरांना आणि मोरहेड यांना ध्वनी हवा होता तो बघण्यासाठी. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला चिमूटभर माल पुरला. किलोभर बनवून कुणाला द्यायचा होता? त्यातून ध्वनीचं यंत्र वीज खात होतं, आणि त्या विजेतली बरीचशी पाणी तापवण्यात जात होती.

आम्लाची वाट मात्र चालू राहिली. उप्साला विद्यापीठात बेंग्ट रॉनबी यांनी १९४९ च्या सुमारास गंधकाम्लानं सेल्युलोजचे इतके बारीक कण केले की ते पाण्यात तळाशी बसेनात. गंधकाम्ल कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार ठेवून जातं आणि सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. इंग्लंडमध्ये लीड्सला एस. एम. मुखर्जी आणि एच. जे. वुड्स यांनी १९५३ मध्ये याच पद्धतीनं मिळणाऱ्या काड्यांचा नीट अभ्यास मांडला. अमेरिकन व्हिस्कोसमध्येच ऑर्लँडो बतिस्ता यांनी आम्लात मुरवलेला सेल्युलोज जोरात घुसळला तेव्हा साईसारखा पांढरा, दाट गोळा तयार झाला. पाण्याशिवाय त्यात दुसरं काही घातलेलं नव्हतं. ‘एव्हिसेल’ या नावानं बाजारात आलेली त्याची वाळवलेली भुकटी आज जगभरच्या औषधगोळ्यांना आकार देते. घरातली एखादी गोळी चुरडून पाहिली तर बोटांना लागणाऱ्या पांढऱ्या पिठात बहुधा तीही असते.

आणि १९५९ मध्ये रॉबर्ट मार्चेसॉल्ट, वॉल्टर आणि तेच फ्रेडरिक मोरहेड यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की या काड्यांचं पाण्यातलं दाट मिश्रण द्रवस्फटिकासारखं वागतं, काड्या आपोआप एका दिशेला रांग धरतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्नियात ‘तळाशी भरपूर जागा आहे’ असं सांगणारं भाषण दिलं आणि नॅनोतंत्रज्ञानाचा इतिहास बहुतेक लोक तिथून सांगायला लागतात. फाइनमन यांचा मान कुणी हिरावत नाही. पण त्या भाषणाच्या आधी नॅनोकण हाताळणाऱ्या, मोजणाऱ्या आणि बाटलीत भरून ठेवणाऱ्या या माणसांचा उल्लेखही होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

वनस्पतींच्या नॅनोकणांकडे जग पुन्हा वळलं ते मॉन्ट्रियलमधून. मॅकगिल विद्यापीठात डेरेक ग्रे आणि ज्याँ-फ्रांस्वा रेव्होल प्रयोगशाळेतला गाळणकागद, म्हणजे शुद्ध कापूसच, तीव्र गंधकाम्लात पाऊण तास मुरवत, धुऊन काढत आणि एकमेकांना चिकटलेल्या काड्या सोडवायला शेवटी काही मिनिटं ध्वनी देत. १९९२ मध्ये त्यांनी सांगितलं की या काड्या नुसती रांग धरत नाहीत, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या थराथरानं वळत जातात. मिश्रण वाळवून पातळ पापुद्रा केला की त्यात रंग घातलेला नसताना तो काही भुंग्यांच्या पाठीसारखा चमकतो. २०११ मध्ये कॅनडातच स्टेफनी बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की वाळवण्याआधी मिश्रणाला जितका जास्त ध्वनी द्यावा, तितका पापुद्र्याचा रंग निळ्याकडून तांबड्याकडे सरकतो. या सगळ्या इतिहासातली ही जागा मला सर्वांत सुंदर वाटते. तूलाँच्या समुद्रात मासे मारणारा ध्वनी इथे रंगाची कळ फिरवत होता.

दरम्यान कापायचं नाही, फक्त उकलायचं, ही झुरिकची वाटही पुन्हा उघडली. अमेरिकेत टेनेसीला चेंग आणि वांग यांनी २००९ मध्ये तीव्र ध्वनीनं लगद्यातून पेड सोडवले. चीनमध्ये हार्बिनच्या वनविद्यापीठात २०११ मध्ये पॉप्लरच्या लाकडाचा भुगा आधी रसायनांनी धुऊन त्यातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना जखडून ठेवणारं द्रव्य, काढलं गेलं आणि उरलेल्या सेल्युलोजवर ध्वनी सोडून ५ ते २० नॅनोमीटर जाडीचे तंतू मिळवले गेले. सेगेदचा स्टार्चही परत आला. ट्युनिशियातले सामी बुफी आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मक्याचा स्टार्च थंड पाण्यात घेऊन तासभराहून अधिक काळ त्यावर ध्वनी सोडला आणि कुठलंही रसायन न वापरता १०० नॅनोमीटरहून लहान कण काढले. सेंट-ज्यॉर्जींच्या प्रयोगाला तेव्हा बरोबर ८० वर्षं झाली होती.

आपल्याकडे कापूस आणि बुडबुडा हे दोन्ही धागे मुंबईत, माटुंग्यात एकत्र येतात. तिथे १९२४ पासून कापसाची प्रयोगशाळा आहे, आजची ‘सिरकॉट’. सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून नॅनोसेल्युलोज काढण्याचा पथदर्शी प्रकल्प तिनं उभारला. विदर्भात पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेलं कापसाचं झाड, बहुतेक चुलीत जाते किंवा धुऱ्यावर जळते. तिच्यातही हाच सेल्युलोज आहे, फक्त लिग्निनमध्ये अडकलेला. पऱ्हाटीचं सोनं करण्याच्या घोषणा फार झाल्या. या प्रयोगशाळेत मात्र तिच्यावर चिकाटीनं काम होत आलं आहे, आणि मला त्याचं मोल मोठं वाटतं. माटुंग्यातच रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, जुन्या मंडळींची यूडीसीटी. अनिरुद्ध पंडित आणि ज्येष्ठराज जोशी यांनी तिथे १९९३ मध्ये दाखवलं की बुडबुडा उठवायला ध्वनी लागतोच असं नाही. पाणी अरुंद भोकातून जोरात ढकललं तरी पलीकडे दाब पडतो, पोकळ्या होतात आणि मिटतात. मोठ्या प्रमाणावर काम करायचं तर ही वाट स्वस्त पडते. विचार केला तर हे ‘डेअरिंग’च्या पात्याचंच रहस्य, त्यांनी ते मुद्दाम, कामासाठी वापरलं.

ध्वनीचं यंत्र चालताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बर्फाच्या परातीत काचेचं पात्र बसवलेलं होतं. पात्रात भाताच्या पेजेसारखा पांढुरका लगदा, त्यात वरून अंगठ्याएवढी धातूची कांडी बुडवलेली. कळ दाबली आणि करवतीनं पत्रा कापावा तसा कर्कश आवाज सुरू झाला. कांडी सेकंदाला २० हजार वेळा हलते, पण डोळ्याला स्तब्ध दिसते; टोकाखाली फक्त धुरासारखा बुडबुड्यांचा लोट. कानांत बोळे घालूनही तो आवाज दातांत शिरत होता. अर्ध्या तासानं पात्र बाहेर काढलं, तेव्हा पेजेचा पांढरेपणा गेला होता. उजेडासमोर धरल्यावर किंचित निळसर झाक, आणि पात्र कलंडलं तर आतलं पाणी पाण्यासारखं न वाहता सावकाश, साबुदाण्याच्या खिरीसारखं सरकलं. लगदा तेवढाच होता, पाणी तेवढंच होतं. तिथल्या विद्यार्थिनीनं पात्र ध्रुवक काचांच्या दोन तुकड्यांमध्ये धरून हलवलं आणि आत रंगांचे पट्टे वाहिले. मार्चेसॉल्ट आणि मोरहेड यांनी पाहिले होते तसेच.

मग तिनं कांडी पुसली आणि तिचं टोक माझ्यासमोर धरलं. टायटेनियमचं टोक, नवं असताना आरशासारखं असतं म्हणे. त्यावर सुईनं टोचावं तसे असंख्य बारीक खड्डे पडले होते, मधोमध तर करड्या राखेसारखा डाग. हा धातू कुठे जातो, असं मी विचारलं. ‘लगद्यातच,’ ती म्हणाली, आणि मिश्रण सेंट्रिफ्यूजच्या नळ्यांत ओतू लागली. थोड्या वेळानं नळ्या बाहेर आल्या तेव्हा निळसर द्रवाच्या तळाशी टायटेनियमची काळपट रेघ बसली होती.